मागच्या सीटचं कव्हर कुणी निवडायचं?

दसरा चार दिवसांवर आला की आपल्याकडे अंगणात, बोळात, बोअरच्या नळाखाली गाड्यांच्या अंघोळी सुरू होतात. धुताना कुणाच्या तरी लक्षात येतं, सीट पार फाटलीय. आतला पिवळा फोम बाहेर डोकावतोय. मग बाप-लेक गाडी घेऊन सीटवाल्याकडे जातात आणि तासाभरात नवं कव्हर चढवून येतात. लाल पायपिंग, बाजूला कंपनीचं नाव, एकदम चकाचक. घरातली बाई हळदकुंकू आणि झेंडूची माळ घेऊन दारात उभीच असते. पूजा तिने करायची. कव्हर निवडताना मात्र तिला कुणी विचारलेलं नसतं.

आता तुम्ही म्हणाल, गाडीच्या कव्हरवर काय लिहायचं, आणि तेही बायकांच्या पानावर! पण मैत्रिणींनो, जरा हिशेब करा. चाळीसगाव तालुक्यात, भडगाव-पाचोऱ्याकडे, अजूनही किती तरी घरांत जुन्या गाड्या धावताहेत. 1985 मध्ये आलेली सीडी 100, 1994 मध्ये आलेली स्प्लेंडर. हीरो आणि होंडा यांनी वेगळं व्हायचं 2010 च्या अखेरीस ठरवलं, पण आपल्या गल्लीतल्या टाक्यांवर दोघांची नावं अजून जोडीने नांदताहेत. अशा गाडीवरून दवाखाना, शाळा, शेत, लग्न, मयत, बँक सगळं होतं. पुढे तो असतो, मागे आपण. म्हणजे त्या सीटचा मागचा अर्धा भाग आपला आहे. त्यावर बसायचं कसं, धरायचं कशाला, हे आपल्याशिवाय कुणाला ठाऊक?

चालवणाऱ्याच्या हातात हँडल असतं, गुडघ्यांमध्ये टाकी असते, दोन्ही पाय टेकलेले असतात. आडवी बसलेली बाई कशी असते बघा. एक पाय कसाबसा टेकलेला, मांडीवर लेकरू, एका हातात पिशवी, डोक्यावरचा पदर वाऱ्यावर. आणि ती बसलेली असते जवळजवळ मागच्या चाकावर. गतिरोधक आला की गाडीचं मागचं टोक उसळतं, तो झटका सगळा तिला बसतो. पुढच्याला फक्त ‘धप्प’ एवढंच कळतं. ‘गतिरोधकावर दुचाकीवरून पडून महिलेचा मृत्यू’ अशी चार ओळींची बातमी आपण किती वेळा वाचतो! त्यात गाडीचा नंबर असतो, गाव असतं. सीट गुळगुळीत होती का, धरायला काही होतं का, हे कधीच छापून येत नाही.

जुन्या सीटवर मधोमध एक आडवा पट्टा असायचा. आठवतोय? तो शोभेचा नव्हता, मागे बसणाऱ्याने धरायचा होता. आता तयार कव्हर घ्यायला गेलं की बहुतेक वेळा पट्टा गायब. ‘ताई, आता कोणी लावत नाही,’ म्हणे. कोणी म्हणजे कोण? पुढे बसणारे! आणि हा काही आवडीनिवडीचा मामला नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 123 वा नियम सांगतो, की मागे माणूस बसवायची सोय असलेल्या मोटारसायकलला त्याला धरण्यासाठी कायमची मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला हवा, कपडा चाकात अडकू नये म्हणून. म्हणजे आपण जिला ‘साडी गार्ड’ म्हणतो ती जाळी. हौशी पोरं गाडी ‘स्पोर्टी’ दिसावी म्हणून पहिली तीच काढून टाकतात. ओढणी त्याची थोडीच असते!

बरं, नुसतं कव्हर बदलून भागतं का? सीट म्हणजे तीन थर असतात. खाली पत्र्याचा, नव्या गाड्यांत प्लास्टिकचा सांगाडा, त्यावर फोम आणि वर रेक्झिन. फोम वर्षानुवर्षं दबून बसतो. ज्या घरात बाई कायम डावीकडे तोंड करून बसते, तिथे सीटची डावी कड जास्त बसते आणि ती घसरगुंडी होते. त्यावर नवं कोरं गुळगुळीत कव्हर घालणं म्हणजे मोडक्या बाजेवर नवी चादर. शिवाय जुनं कव्हर शिलाईत उसवलेलं असेल तर पावसाचं पाणी आत मुरलेलं असतं. वरून सीट सुकलेली दिसते, बसलं की साडी ओली. पत्रा खालून गंजतो ते वेगळंच. 2021 साली 31 ऑगस्टला तितूर आणि डोंगरीचं पाणी गावात शिरलं, ते आपण विसरलेलो नाही. पाण्यात गेलेल्या गाडीचं इंजिन सगळे खोलून बघतात. सीट खोलून कोण बघतं?

आपल्या खानदेशातलं ऊन हा आणखी एक भाग. आखाजीला भाऊ मुराळी म्हणून येतो, बहीण माहेरी निघते, आणि भर दुपारी बाहेर उभ्या गाडीच्या काळ्या सीटवर तिला बसायचं असतं. तव्यावर बसावं तसं. मग वर टॉवेल टाकतात, नाहीतर गोधडीची घडी. ‘धरीसन बठजो वं’ असं आई दारातून ओरडते, पण धरायचं कशाला? टॉवेलला? तो तर तिच्याआधी घसरतो. हल्ली मिळतं ते जाळीचं कव्हर उन्हाला बरं आहे, हवा खेळते, लवकर वाळतं. पण ते खालून दोरीने आवळून बांधलेलं हवं. नुसतं इलास्टिकने अडकवलेलं असेल तर त्याचीही टॉवेलसारखीच गत.

‘गाडी त्याची, खर्च त्याचा, मग आपण कशाला बोलायचं,’ असं पुष्कळजणी म्हणतात. मला हे पटत नाही. कित्येक घरांतली गाडी कापूस वेचून, बचत गटातून कर्ज काढून आली आहे. आणि खरं बोलायचं तर कित्येक घरांतली गाडी तिच्याच बापाने लग्नात दिलेली आहे. हुंडा 1961 च्या कायद्याने बंद झाला म्हणतात, पण मांडवाच्या दारात हार घातलेली गाडी उभी असतेच. बापाने जमीन गहाण टाकून दिलेल्या गाडीवर लेकीला धरायला पट्टा नसावा, ही कुठली रीत? हेल्मेटचंही तेच. मोटार वाहन कायद्याचं 129 वं कलम मागे बसणाऱ्यालाही लागू आहे, पण घरात हेल्मेट एकच असतं आणि ते कुणाच्या डोक्यावर असतं ते सांगायला नको.

तर यंदा सीट बदलायची निघाली की तुम्ही स्वतः जा. तयार कव्हर काही शेकड्यांत मिळतं, फोमचा थर वाढवायचा तर थोडे जास्त लागतात. सीटवाल्याला आधी जुनं कव्हर पूर्ण काढायला लावा. फोम हाताने दाबून बघा. ओला असेल तर दोन दिवस उन्हात ठेवा, दबलेल्या कडेला नवा थर चिकटवून घ्या, सांगाडा घासून त्यावर रंग मारून घ्या. फोम आणि रेक्झिनच्या मधे प्लास्टिकचा कागद घालायला सांगा, पाणी आत जात नाही. रेक्झिन खरखरीत, दाणेदार निवडा, चकचकीत नको. ते ओढण्याआधी थोडा वेळ उन्हात ठेवलं तर मऊ पडतं आणि सुरकुत्या न पडता ताणलं जातं. निदान या कामाला तरी आपलं ऊन उपयोगी! पट्टा वेगळा शिवून, सांगाड्याला बोल्टने कसून घ्या. नुसता रेक्झिनला शिवलेला पट्टा पहिल्याच झटक्याला हातात येतो.

आणि पैसे देण्याआधी दुकानासमोरच सीटवर बसा. जशा रोज बसता तशा, आडव्या, पिशवीसकट. बघणारे बघू देत. पट्टा जोरात ओढून बघा, पाय टेकतो का बघा, डावीकडे घसरायला होतंय का बघा. होत असेल तर खाली उतरा आणि सीटवाल्याला म्हणा, भाऊ, परत खोल.