विश्लेषण : अँटिबायोटिक घेऊनही जखम का भरत नाही?

अजिंठ्याच्या पायथ्याशी असलेल्या फर्दापूरहून छत्रपती संभाजीनगर सुमारे १०० किलोमीटर. पायाची जखम चिघळलेला मधुमेही रुग्ण एवढ्या लांबच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत बहुधा गोळ्यांचे दोन-तीन कोर्स झालेले असतात. गोळ्या सुरू असताना पू कमी होतो, बंद केल्या की पुन्हा येतो. मग आधी बोट, नंतर पाऊल कापण्याची वेळ येते. यामागे अनेकदा बायोफिल्म असते.

बायोफिल्म म्हणजे काय?

जिवाणूंची वसाहत. दातांवर साचणारा बुळबुळीत थर हे तिचे घरगुती उदाहरण. असाच थर जखमेत, लघवीच्या नळीवर, गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यावर जमतो. जिवाणू स्वतःभोवती शर्करा, प्रथिने आणि डीएनएचे चिकट आवरण तयार करतात. आतले काही तर निपचित पडून राहतात. बहुतेक प्रतिजैविके वाढत्या जिवाणूंवर घाव घालतात, निपचितांवर त्यांचा फारसा परिणाम होत नाही. मोकळ्या जिवाणूंना पुरणाऱ्या मात्रेच्या शेकडो पट मात्राही इथे अपुरी पडू शकते.

खरी मेख पुढेच आहे. 'हे औषध चालेल' असे सांगणारी नेहमीची कल्चर-सेन्सिटिव्हिटी चाचणी मोकळ्या जिवाणूंवरच होते. नवी औषधेही प्रामुख्याने याच फूटपट्टीने निवडली जातात.

संभाजीनगरचा संबंध काय?

लिव्होनॅडिफ्लॉक्सासिन (एम्रॉक) हे औषध वोक्हार्टचे. कंपनीचे संशोधन केंद्र चिकलठाणा एमआयडीसीत आहे. जानेवारी २०२० मध्ये त्याला डायबेटिक फूटसह त्वचेच्या संसर्गांसाठी भारतात मंजुरी मिळाली. बायोफिल्ममधल्या चिवट स्टॅफिलोकोकसलाही ते मारते, असे कंपनीच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रयोगशाळेत दाखवले होते. मात्र काचपात्रातली बायोफिल्म वेगळी आणि रक्तपुरवठा आटलेल्या पायातली वेगळी. जखमेतला मृत भाग काढून टाकणे आजही टळत नाही.

पैसा कोण लावणार?

वोक्हार्टच्याच नॅफिथ्रोमायसिनला सुमारे १४ वर्षे आणि ५०० कोटी रुपये लागले. एवढे करून नवे प्रतिजैविक राखूनच वापरायचे, म्हणजे खप कमी. अमेरिकेतील अकाओजेनच्या औषधाला जून २०१८ मध्ये मंजुरी मिळाली. एप्रिल २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. ब्रिटनने २०२२ पासून दोन औषधांसाठी खपाऐवजी ठरावीक वार्षिक रक्कम देण्याचा मार्ग धरला. आपल्याकडे सरकारने असा पैसा द्यायचा ठरवलाच, तर जखम भरली का, संसर्ग परतला का आणि पाय वाचला का, हे रुग्णांमध्ये तपासण्याची अट त्याला जोडायला हवी.