बोटांना मुंग्या येतात, हे सांगायलाच हवे

स्तनाच्या किंवा अंडाशयाच्या कर्करोगावर पॅक्लिटॅक्सेलचे काही डोस झाले की अनेक रुग्णांच्या पायांच्या बोटांना मुंग्या येऊ लागतात. पुढे ब्लाउजचे हुक लावणे, सुईत दोरा ओवणेही जमेनासे होते. ‘केमो म्हटले की एवढे चालायचेच’ म्हणून घरचे समजूत घालतात. औषध बंद होईल या भीतीने रुग्णही डॉक्टरांसमोर गप्प राहतो. हे गप्प राहणे महागात पडते.

पेशीत ट्यूब्युलिन या प्रथिनाच्या जोड्या जुळून पोकळ नळ्या तयार होतात. या सूक्ष्मनलिकांची जाडी अवघी 25 नॅनोमीटर. नळी टोकाकडून वाढत राहते आणि मध्येच झरझर उसवते. टिम मिचिसन आणि मार्क किर्शनर यांनी 1984 मध्ये हा स्वभाव उलगडून दाखवला. पेशी दुभंगताना गुणसूत्रे दोन्ही बाजूंना नेण्याचे काम याच नळ्यांचे, आणि त्यासाठी त्यांना वाढता यायला हवे तसे मोडताही. पॅसिफिक यू वृक्षाच्या सालीतील पॅक्लिटॅक्सेलची रचना 1971 मध्ये प्रसिद्ध झाली. ती शोधणाऱ्यांत मन्रो वॉल यांच्यासोबत मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी होते. हे औषध नळ्यांना मोडूच देत नाही, हे सुसान हॉरविट्झ यांनी 1979 मध्ये दाखवले. आपल्या अंगणातल्या सदाफुलीतले व्हिन्क्रिस्टिन उलट त्या बांधूच देत नाही. दोन्हींमुळे विभाजन अडते.

मज्जापेशी तर दुभंगत नाहीत. मग त्रास कशाला? कंबरेपासून पायाच्या बोटापर्यंतचा मज्जातंतू सुमारे मीटरभर लांब असतो. त्यातून माल पोहोचवणारी प्रथिने याच नळ्यांच्या रुळांवरून चालतात. रूळ बिघडले की सर्वांत लांबचे टोक आधी उपाशी राहते. मुंग्या बोटांपासून सुरू होण्याचे हे एक प्रमुख कारण.

वेळीच कळले तर डॉक्टर डोस कमी करू शकतात, पुढे ढकलू शकतात, औषध बदलू शकतात. नुकसान वाढल्यावर मात्र काहींची बधिरता वर्षानुवर्षे जात नाही. ओपीडीतली गर्दी खरी; पण डोसआधी रक्त तपासले जातेच, त्याच वेळी ‘हुक लागतात का, चप्पल पायातून नकळत निसटते का’ एवढे विचारायला मिनिटही लागत नाही. मधुमेहींना तर हे पहिल्या डोसआधीच विचारायला हवे. त्यांच्या पायांत बधिरता आधीपासून असू शकते, आणि तिची नोंद नसेल तर औषधाने त्यात किती भर घातली, ते पुढे कळणार नाही.