झाडण्याचे यंत्र घ्यावे की पुसण्याचे?

नाताळ जवळ आला की आखातातून, मुंबईहून, पुण्याहून मुले घरी येतात आणि येताना आईसाठी काहीतरी घेऊन येतात. पूर्वी मिक्सर यायचा, मग वॉशिंग मशीन आले. अलीकडे मात्र एक नवीच वस्तू खोक्यातून निघू लागली आहे. काठीसारखे उभे, वायर नसलेले, बॅटरीवर चालणारे झाडण्याचे यंत्र. आणि त्याचेच भावंड म्हणावे असे दुसरे, पाणी सोडून फरशी पुसणारे व घाण पाणी स्वतःच ओढून घेणारे. आपल्या धर्मग्रामातल्या काही घरांत ही यंत्रे आली आहेत, आणि त्यांतली काही कपाटामागे उभी आहेत हेही आम्हांला ठाऊक आहे. एरवी या पानावर आम्ही भाताच्या करप्याविषयी आणि रक्तदाबाविषयी लिहितो. तरी या यंत्रांविषयी लिहिणे अस्थानी होणार नाही. प्रश्न चैनीचा दिसतो, पण त्यात घरातल्या माणसाचा श्वास आहे, गुडघे आहेत, आणि परक्या मुलखात घाम गाळून मिळवलेले पैसे आहेत.

झाडण्याचे यंत्र मुळात दम्यासाठीच जन्मले असे म्हटले तर फार चूक होणार नाही. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँग्लर नावाचा एक गृहस्थ एका दुकानात रात्रीचा झाडूवाला होता. झाडताना उडणाऱ्या धुळीने त्याचा दमा वाढे. त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून धूळ ओढणारे यंत्र बनवले. १९०८ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले, आणि पुढे ते हक्क हूवर कुटुंबाने घेतले. यंत्राचे पोट म्हणजे उशीचा अभ्रा होता ही गोष्ट आम्हांला मोठी बोधक वाटते. हवा ओढणे सोपे आहे. ओढलेली धूळ आत राहणे हाच खरा प्रश्न, तेव्हाही होता आणि आजही आहे.

केरसुणीने झाडताना जाड कचरा पुढे सरकतो, पण डोळ्यांना न दिसणारी बारीक धूळ वर उडते आणि बराच वेळ तरंगत राहते. घर स्वच्छ दिसते आणि दमेकरी खोकू लागतो, याचे कारण हेच. चांगल्या यंत्रात हेपा नावाची गाळणी असते. ती ०.३ मायक्रॉन आकाराचे १०० पैकी ९९.९७ कण अडवते. पण यात एक मेख आहे. गाळणी कितीही उत्तम असो, यंत्राच्या सांध्यांतून हवा निसटत असेल तर धूळ मागच्या दाराने घरातच परत येते. म्हणून खोक्यावर नुसते ‘हेपा’ वाचून भुलू नये. संपूर्ण यंत्र हवाबंद आहे काय, असे विचारावे. दुकानदाराला उत्तर देता आले नाही तर तेही एक उत्तरच समजावे.

खोक्यावर दुसरा आकडा असतो तो ओढण्याच्या ताकदीचा. हा आकडा नळी पूर्ण बंद करून मोजलेला असतो. फरशीवर प्रत्यक्ष काम होते ते वाहणाऱ्या हवेने आणि तोंडाशी असलेल्या ब्रशाने. तसेच वॅटचे. युरोपीय संघाने २०१७ च्या सप्टेंबरपासून घरगुती यंत्रांना ९०० वॅटची मर्यादा घातली, त्याने तिथली घरे काही घाण झाली नाहीत.

बॅटरीचे यंत्र साध्या वेगावर अर्धा-पाऊण तास चालते. ‘जोरात’चे बटण दाबले की बहुतेकांचा जीव आठ-दहा मिनिटांत संपतो, आणि पुन्हा भरायला तीन-चार तास लागतात. वीज मात्र नगण्य जाते, दहा वेळा चार्ज केले तरी एक युनिट जेमतेम. धूळ साठवायचा डबा अर्ध्या लिटरच्या आसपास असतो. शहरातल्या दोन खोल्यांना तो पुरेल. आपल्याकडे खानापूरच्या बाजूला, दारात भात वाळते, पडवीत कोंबड्या येतात आणि मुले शेतातून थेट आत शिरतात, तिथे तो पहिल्याच खोलीत भरतो. आणि तो रिकामा करताना तोंडावर धूळ येते ती निराळीच. दमेकऱ्याने तो स्वतः रिकामा करू नये. दुसऱ्या कोणीतरी नाकाला फडके बांधून अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून करावा.

तरीही या यंत्राचे एक काम असे आहे की जे केरसुणीला कधीच साधणार नाही, आणि ते फरशीवर नाही, खाटेवर आहे. गादीत, उशीत, घोंगडीत धुळीचे सूक्ष्म किडे राहतात. दमट हवेत ते वाढतात, आणि आपल्याकडे जून ते ऑक्टोबर हवा दमटच असते. त्यांची विष्ठा हे दम्याचे आणि पहाटेच्या शिंकांचे मोठे कारण आहे. यंत्राने ही विष्ठा आणि गळालेली त्वचा बरीचशी निघते. जिवंत किडे मात्र धाग्यांना चिकटून राहतात, ते निघत नाहीत. त्यासाठी चादरी-अभ्रे आठवड्याला एकदा चांगल्या कढत, म्हणजे ६० अंशांच्या, पाण्यात धुवावेत आणि गाद्या कडक उन्हात टाकाव्यात. हे आपल्या आज्या करीतच होत्या. गाद्या उन्हात टाकणे आपण सोडले आणि यंत्र विकत घेतले, असे झाले तर त्यात काय मिळवले?

आता दुसऱ्या यंत्राकडे वळू. पुसण्याच्या यंत्राला दोन टाक्या असतात, एक स्वच्छ पाण्याची, एक घाण पाण्याची. पुढचा मऊ रूळ गरगर फिरतो, त्यावर पाणी पडते, फरशी घासली जाते आणि मळलेले पाणी लगेच ओढले जाते. बादलीत तेच मळके फडके पुनःपुन्हा बुडवून घरभर फिरवण्यापेक्षा हे निश्चितच स्वच्छ काम आहे, हे मान्य केले पाहिजे. पाणीही थोडे लागते. एका टाकीत पाऊण-एक लिटर पाणी मावते. विहिरी तळाला गेलेल्या एप्रिल-मे महिन्यांत हा लहान फायदा नव्हे. शिवाय फरशी काही मिनिटांत सुकते. ओल्या फरशीवरून पाय घसरून खुब्याचे हाड मोडलेली वृद्ध माणसे ज्यांनी घरात सांभाळली आहेत, त्यांना याचे मोल सांगायला नको. आणि वाकावे लागत नाही. उकिडवे बसून फडके मारण्याने गुडघ्यांवर किती भार येतो हे पन्नाशीनंतरच्या कोणत्याही बाईला विचारावे.

पण मग उरलेले काम कोण करणार? घाण पाण्याची टाकी त्याच दिवशी ओतून, धुऊन, सुकवून ठेवावी लागते. रात्रभर तशीच राहिली तर सकाळी वास येतो, तीन दिवस राहिली तर बुरशी धरते, आणि पुढच्या वेळी आपण बुरशीचेच पाणी घरात फिरवतो. रुळाला केस गुंडाळतात, ते कापून काढावे लागतात. आपली तांबडी माती टाकीत गाळासारखी बसते, तो गाळ मोरीत न ओतता बाहेर ओतावा. पाण्यासकट यंत्राचे वजन पाच किलोंच्या आसपास जाते. फरशीवर ते आपल्याआप पुढे सरकते खरे, पण जिना चढवताना किंवा उंबरा ओलांडताना ते उचलावेच लागते, आणि आपल्या जुन्या घरांत खोलीगणिक उंबरा आहे. भिंतीच्या कडेला बोटभर पट्टी बहुधा कोरडी राहते. सारवलेल्या जमिनीवर तर हे यंत्र चालवूच नये. खडबडीत शहाबादीवर फटींतला चिखल तसाच राहतो.

आणखी एक सूचना जिवाची आहे. या यंत्रात फिनेल, साबणाचा चुरा असले काही घालू नये. फेस झाला तर तो मोटरीपर्यंत जातो. आणि यंत्र असो वा बादली, संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो माणसाला बेशुद्ध पाडू शकतो.

झाडण्याच्या यंत्राविषयीही तसेच. चुलीतली राख त्याने ओढू नये. आत एखादा निखारा जिवंत असतो, आणि राख थंड असली तरी गाळणी क्षणात बुजते. कोठारात उंदरांच्या लेंड्या पडलेल्या असतील तर तिथे केरसुणीही नको आणि यंत्रही नको. आधी ब्लीचिंगचे पाणी शिंपडावे, थोडा वेळ जाऊ द्यावा, मग हातमोजे घालून ओल्या फडक्याने गोळा करावे. मळणीनंतरचा कोंडा, बुरशी आलेला पेंढा, गुऱ्हाळाकडचे कुजके चिपाड, यांची धूळ फुप्फुसाला कायमचे दुखणे लावू शकते. त्यावर उपाय नाकावरचा मास्क आणि पाण्याचा शिडकावा हाच आहे. वीस हजारांचे यंत्र त्या धुळीसाठी बनवलेलेच नाही.

मग घ्यावे कोणते? आमचे मत स्पष्ट आहे. घरात दमेकरी किंवा सारखे शिंकणारे मूल असेल तर झाडण्याचे यंत्र घ्यावे. पण ते बॅटरीचेच हवे असा हट्ट धरू नये. वायरचे जुन्या पद्धतीचे यंत्र बॅटरीच्या यंत्राच्या निम्म्याहूनही कमी पैशांत मिळते, जास्त ओढते, आणि त्याची बॅटरी मरत नाही, कारण तिला बॅटरीच नसते. दम्याचे कोणी नाही, फरशी गुळगुळीत टाइल्सची आहे आणि घरधनिणीचे गुडघे गेले आहेत, तर पुसण्याचे यंत्र खरेच उपयोगी. आणि बाकीच्या घरांना, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांना, दोन बादल्या, लांब दांड्याचा पट्टीचा मॉप आणि झाडण्याआधी पाण्याचा शिडकावा एवढे पुरे. हजार रुपयांच्या आत सगळे येते. एका बादलीत स्वच्छ पाणी, दुसरीत मॉप पिळायचा, एवढा नियम पाळला की यंत्राचे निम्मे काम झाले.

ज्या स्वयंपाकघरात अजून लाकडाची चूल धुमसते आहे, तिथे हे यंत्र आणून दम्यावर उपाय केल्यासारखे मानणे हा मात्र शुद्ध भाबडेपणा आहे. आईच्या छातीतली घरघर धुळीपेक्षा धुराने अधिक झालेली असते. मुलाला तिच्यासाठी पैसे घालायचेच असतील तर आधी गॅसचा दुसरा सिलिंडर, धुरांडे, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला पंप. ‘पंपाची सवय लागते’ असे म्हणून तो बंद करणारी माणसे आपल्याकडे अजून आहेत. रात्रभर डासांची कॉइल जाळून सकाळी यंत्राने हवा शुद्ध करू पाहणारीही आहेत.

काही घरांत यंत्र आले आणि कामाला येणारी मावशी बंद झाली. ही मावशी पुष्कळदा आपल्याच धर्मग्रामातली असते, मिस्सेला मागच्या बाकावर बसणारी. आमचे म्हणणे एवढेच की यंत्र घेतलेत तर ते तिच्या हाती द्या. तिलाही गुडघे आहेत, आणि तीन घरची फरशी ती उकिडवे बसूनच पुसते. संत मार्टिन द पोरेस यांची मूर्ती हातात झाडू घेतलेली असते हे आपण पाहतो. लिमातल्या मठात झाडलोट करणाऱ्या त्या भावाला १९६२ साली संतपद मिळाले. झाडू हातात असणे हलके मानायचे कारण तेव्हापासून तरी उरलेले नाही.

राहिले दुरुस्तीचे. बॅटरी तीन-चार वर्षांत थकते. ती घरच्या घरी काढता-घालता येणारी असावी, आणि सुटी बॅटरी कितीला मिळते हे खरेदीआधीच विचारून घ्यावे. काहींची किंमत ऐकून माणूस खाली बसतो. कंपनीचे दुरुस्ती केंद्र बेळगावात आहे की थेट बंगळुरात, हेही पाहावे. परदेशातून आणलेल्या यंत्राची हमी इथे बहुधा चालत नाही, आणि तिथला प्लग इथे बसत नाही. फुगलेली बॅटरी वापरू नये, कचऱ्यात टाकू नये, आणि परसातल्या पालापाचोळ्याच्या आगीत तर मुळीच नको, ती स्फोटासारखी पेटते. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. तेव्हा दुकानदाराकडे ती परत द्यावी आणि तो नाही म्हणाला तर कंपनीला कळवावे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ परिपत्रकात टाकून देण्याच्या सवयीविषयी लिहिले, ते कपाटामागे उभ्या असलेल्या या यंत्रांनाही लागू आहे.

गाळणी धुतली तर ती पूर्ण सुकल्याशिवाय परत बसवू नये. उन्हाळ्यात एक दिवस पुरतो, आषाढात दोन-तीन लागतात. म्हणून खरेदी करतानाच दुसरी गाळणी मागून घ्यावी. आणि दुकानात जाताना मूठभर तांबडी माती, थोडे भाताचे तूस आणि कंगव्यातले चार केस कागदाच्या पुडीत घेऊन जावे. दुकानदार दाखवतो ते पांढरे पीठ कोणतेही यंत्र ओढते. आपली पुडी त्याच्या फरशीवर सोडावी आणि मग यंत्र चालवायला सांगावे.