ताळेबंदात न दिसणारी तूट

संस्थेचा विस्तार होऊ लागला म्हणजे तिचे भांडवल, इमारती आणि हुद्दे वाढतातच. परंतु काम जाणणारा आणि हुकूम सोडणारा यांच्यामधले अंतरही त्याच वेगाने वाढत असते, आणि त्याची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही. १९१६ साली सिअ‍ॅटल येथे स्थापन झालेल्या बोइंग या विमाने बांधणाऱ्या कंपनीने १९९७ साली मॅकडॉनेल डग्लस ही प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली, तेव्हा मोठ्या माशाने लहान मासा गिळला असेच जगास वाटले; कारभारात मात्र पुढे गिळलेल्या माशाचीच हिशेबी वृत्ती प्रबळ ठरत गेली. २००० सालच्या फेब्रुवारीत हजारो अभियंते व तंत्रज्ञ संपावर गेले आणि ४० दिवस बाहेर राहिले. त्यांची तक्रार वेतनाची होती तशीच, आपल्या विद्येची बूज उरली नाही, ही होती. पुढच्याच वर्षी कंपनीने आपली मुख्य कचेरी सुमारे २,८०० किलोमीटर दूर, शिकागो येथे हलविली.

हिशेबनिसांशी माझे वैर नाही. जमाखर्चावाचून कोणता कारखाना चालला आहे? परंतु तक्रार करणारा नोकर मनाने अद्याप आपलाच असतो, थट्टा करू लागलेला मात्र केव्हाच रजा घेऊन गेलेला असतो. २०१८ च्या ऑक्टोबरात आणि २०१९ च्या मार्चमध्ये ७३७ मॅक्स जातीची दोन विमाने कोसळून ३४६ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर २०२० साली उघड झालेल्या अंतर्गत संदेशांत कंपनीचीच माणसे आपल्या विमानाचा आणि ते बांधविणाऱ्यांचा उपहास करताना आढळली. २०२४ च्या जानेवारीत उड्डाणानंतर कंपनीच्या एका विमानाचे दाराच्या जागी बसविलेले झाकण उडून गेले, तेव्हा ते धरून ठेवणारे चार बोल्ट कारखान्यातच बसविले गेले नव्हते असे निष्पन्न झाले. झाकण काढल्याचा कागदही दप्तरी सापडला नाही. पैपैचा हिशेब ठेवणाऱ्यांच्या राज्यात हा कागद गहाळ असावा, याचे नवल वाटते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रुजू झालेल्या नव्या प्रमुखाने आपला मुक्काम सिअ‍ॅटललाच राहील असे जाहीर केले. पाच आठवड्यांनी, संघटनेच्या पुढाऱ्यांनी मान्य केलेला करार झिडकारून, सुमारे ३३,००० कामगार संपावर गेले.