लेबल एक, झाड भलतंच

बोन्साय करायचं म्हणून दोन वर्षांपूर्वी इथे न्यू जर्सीत 'किंग्जव्हिल' बॉक्सवूडची दोन रोपं ऑनलाइन मागवली. हा मूळचा मेरीलँडचा बुटका वाण. पानं अगदी बारीक, वर्षाला इंचभरही वाढत नाही, म्हणूनच महाग. माझी रोपं मात्र एका उन्हाळ्यात चार-चार इंच वाढली! विक्रेत्याचं उत्तर आलं, "खत जास्त झालं असेल."

व्हिडिओ कॉलवर सांगलीहून बाबा म्हणाले, "अरे, लेबल कसलं वाचतोस? पानं बघ. समोरासमोर आहेत की एकाआड एक?" एका रोपाची पानं समोरासमोर होती, म्हणजे बॉक्सवूड खरं, पण वाण दुसराच. दुसऱ्याची एकाआड एक. ते तर बॉक्सवूडच नव्हे, जपानी हॉली निघालं!

माझं म्हणणं एवढंच, की विक्रेत्यांनी पूर्ण शास्त्रीय नाव आणि पाठवणार त्याच रोपाचा फोटो द्यायलाच हवा. आणि आपणही "ऑनलाइन म्हटलं की चालायचंच" म्हणून गप्प बसू नये. पानांचा जवळून फोटो मागवा, वर्षाची वाढ विचारा. पैसे एकवेळ परत मिळतील हो, पण झाडाला दिलेली दोन वर्षं कोण परत देणार?