शाळा कशासाठी?

मोहर्लीकडे शाळेचा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, "शिकून पोट्टा ना वावराचा राहते, ना नोकरीचा." दुसरा म्हणतो, "शिकला तर ताडोब्यात गाईड तरी होईल."

वाचकहो, दोघांचेही अर्धेच खरे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कारणे अनेक होती; पण डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष, हे वाचता यायलाच हवे. पंपाला औषध किती, हे साधे त्रैराशिक. आठवी पास पोराला तेही जमत नसेल, तर दाखला काय कामाचा?

म्हणून शाळा सोडवू नका. मोहफुलांच्या हंगामातही पोरांना पाठवा. संध्याकाळी औषधाचे माहितीपत्रक वाचून घ्या. अडले, तर दुसऱ्या दिवशी गुरुजींना जाऊन विचारा.