विश्लेषण : सोव्हिएत कॅमेऱ्यांना पश्चिमेत ‘टोपणनावे’ का मिळाली?

शीतयुद्ध ऐन भरात असताना पश्चिम जर्मनीत ‘रेव्ह्यूफ्लेक्स ई’ नावाचा कॅमेरा विकला जात होता. प्रत्यक्षात तो सोव्हिएत ‘झेनिट ई’ होता. ‘रेव्ह्यू’ हे फोटो-क्वेले या विक्रेत्या कंपनीचे स्वतःचे नाव. ब्रिटनमध्ये डिक्सन्सच्या दुकानांत हाच कॅमेरा ‘प्रिन्झफ्लेक्स ५०० ई’ झाला, तर ‘स्मेना ८’चा ‘कॉस्मिक ३५’.

ही लपवाछपवी होती का?

पूर्णपणे नाही. फोटो-क्वेले जपानी कॅमेरेही ‘रेव्ह्यू’ याच नावाने विकत असे. शिवाय ब्रिटनमध्ये ‘झेनिट’ स्वतःच्या नावानेही मिळत होता. ‘फेड’ तर फेलिक्स एडमंडोविच झेर्झिन्स्की या सोव्हिएत गुप्त पोलीस दलाच्या संस्थापकाच्या आद्याक्षरांवरून आलेले नाव. तेही पश्चिमेतल्या दुकानांत खुशाल मांडलेले असे!

इतके स्वस्त कसे?

मॉस्कोला पौंड, मार्क, डॉलर हवे होते. भारताशी व्यापार रुपयांत चाले. त्यातून हे परकीय चलन मिळत नव्हते. कारखाना सरकारचा, निर्यात करणारी संस्थाही सरकारचीच. त्यामुळे पश्चिमेतला भाव उत्पादनखर्चाशी घट्ट बांधलेला नव्हता. रचनाही बऱ्याचशा आयत्या होत्या. ‘फेड’ लायकावरून, ‘कीव्ह’ युद्धानंतर जर्मनीतून आणलेल्या काँटॅक्सच्या यंत्रसामग्रीवरून, तर झेनिटवरची ‘हेलिओस’ लेन्स झाइसच्या ‘बायोटार’वरून घेतलेली.

झेनिट ई जड आणि ओबडधोबड. शटरचा वेग सेकंदाच्या १/३० ते १/५०० एवढाच. पण प्रकाशमापकाला बॅटरी लागत नसे आणि लेन्सची आटी एम४२ होती. म्हणजे पूर्व जर्मनीच्या किंवा जपानी पेंटॅक्सच्या जुन्या लेन्सही त्यावर बसत. शिकाऊ छायाचित्रकाराला आणखी काय हवे? त्याची टिंगल करणारे हे सोयीस्करपणे विसरतात.

मग चुकले कुठे?

माझ्या मते, खरी चूक गुणवत्तेपेक्षा व्यापारात होती. जपानी कंपन्यांनी विक्रीतून नाव कमावले, दुरुस्तीची केंद्रे उभारली. सोव्हिएत व्यवस्थेने माल दिला, चलन घेतले आणि नावाची पत दुकानदाराच्या हवाली केली. १९८०च्या दशकात ऑटोफोकस आले, तेव्हा ‘प्रिन्झफ्लेक्स’वाल्या ग्राहकाला झेनिटशी निष्ठा राखण्याचे कारणच उरले नव्हते.

नावाची किंमत पुढे इतरांनी वसूल केली. लेनिनग्राडचा ‘लोमो एलसी-ए’ १९९१ मध्ये प्राग येथे व्हिएन्नाच्या काही विद्यार्थ्यांच्या हाती लागला. फोटोचे काळवंडलेले कोपरे आणि भडक रंग हेच वैशिष्ट्य म्हणून त्यांनी खपवले, ‘लोमोग्राफी’ नावाने जगभर व्यवसाय उभा केला. हेलिओसचेही तेच. पार्श्वभूमी भोवऱ्यासारखी फिरवणारा तिचा दोष आज हौशी मंडळी अडॅप्टर लावून डिजिटल कॅमेऱ्यावर मुद्दाम मिळवतात.